नाव जपानी, गाव चिनी

वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘सुतार का झोपडा’ म्हणत आले आहेत. लेणे अखंड कातळात कोरलेले आहे. लाकडाचा तेथे काडीचाही संबंध नाही. परंतु चैत्यगृहाच्या छताला ज्या कमानदार फासळ्या काढल्या आहेत, त्या लाकडी वाशांचे हुबेहूब अनुकरण आहे. त्या फासळ्या छताचा भार तोलीत नाहीत. दगडाला त्यांची गरजही नाही. तेथून थोड्याच अंतरावर असलेला कैलास राष्ट्रकूट नृपती पहिला कृष्ण याच्या काळातील, म्हणजे आठव्या शतकातील मानला जातो. त्याच्या मांडणीचे नाते पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी आहे आणि विरूपाक्षाचे कांचीच्या कैलासनाथाशी, असे कलेतिहासकार सांगतात. म्हणजे ज्या शिल्पांपुढे जग नतमस्तक होते, तीही अनुकरणाच्या परंपरेतूनच जन्मली आहेत. तरीही वेरूळच्या पाथरवटांना कोणी नक्कलखोर म्हटलेले नाही. त्यांनी रूप घेतले, पण दुसऱ्याच्या नावाचा शिक्का मारून कोणाची दिशाभूल केली नाही.

हा भेद उगाच उकरून काढलेला नाही. वेरूळपासून तासाभराच्या अंतरावर वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहराचे आजचे रूप ज्या उद्योगाने घडविले, तो दुचाकी-तिचाकी वाहनांचा उद्योग तेथे १९८५ पासून उभा आहे. येथे तयार होणाऱ्या मोटारसायकली आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत जातात, आणि तेथे त्यांची गाठ पडते ती चिनी बनावटीच्या गाड्यांशी. त्या गाड्यांपैकी अनेकांच्या टाकीवरील नाव वाचले म्हणजे त्या ओसाका किंवा हामामात्सू येथून आल्या असाव्यात असा भास होतो. प्रत्यक्षात त्यांचा जन्म चीनच्या अंतर्भागातील चोंगचिंग शहरात किंवा किनाऱ्यावरील एखाद्या प्रांतात झालेला असतो. जिआंगसू प्रांतातील एका कंपनीच्या गाड्या ‘यामासाकी’ या नावाने विकल्या जातात. यामाहा आणि कावासाकी या दोन नावांचे हे कलम कोणी केले, हे सांगण्यास भाषाशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही.

चीनला शिव्या देऊन हा विषय संपविणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे होणार नाही. मोटारसायकलीचा इतिहास हा बऱ्याच अंशी उसनवारीचा इतिहास आहे. जर्मनीच्या डीकेडब्ल्यू कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर आरटी १२५ ही लहानशी दोन-स्ट्रोक गाडी तयार केली. जर्मनी हरला आणि त्या गाडीचे आराखडे युद्धाच्या भरपाईत जेत्यांच्या हाती पडले. इंग्लंडमध्ये तिची ‘बीएसए बँटम’ झाली, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने आपली लहान गाडी तिच्यावरून बेतली, सोव्हिएत रशियात तिचा ‘मॉस्क्वा’ अवतार निघाला. जपानमध्ये १९५५ साली यामाहाने पहिली मोटारसायकल वायए-१ बाजारात आणली, तीही याच जर्मन गाडीचा आदर्श समोर ठेवून. जपानी माल म्हणजे तकलादू, स्वस्त माल, अशी एके काळी आपल्याकडेही समजूत होती. त्या समजुतीवर जपान्यांनी मात केली ती परकी नावे धारण करून नव्हे, तर यामाहा, सुझुकी, होंडा ही आपल्या संस्थापकांची आडनावे टाकीवर रंगवून, आणि ती बदनाम होणार नाहीत याची डोळ्यांत तेल घालून काळजी घेऊन.

आपला स्वतःचा अनुभवही याहून वेगळा नाही. बजाज कंपनीने १९६० मध्ये इटलीच्या पियाजिओशी तांत्रिक सहकार्याचा करार केला आणि व्हेस्पा स्कूटर भारतात होऊ लागली. १९७१ मध्ये करार संपला. पुढच्याच वर्षी त्याच घडणीची स्कूटर ‘चेतक’ या नावाने बाहेर पडली. या स्कूटरसाठी मध्यमवर्गीय माणसाने वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत काढली, हे पन्नाशी-साठी ओलांडलेल्या शिक्षकांना व कारकुनांना सांगावयास नको. नोंदणीची पावती कपाटात जपून ठेवलेली घरे पुष्कळ होती. पुढे बजाजने ही स्कूटर परदेशी पाठविण्यास आरंभ केला तेव्हा पियाजिओने अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी आदी देशांत तिच्याविरुद्ध दावे लावले. त्या देशांच्या दृष्टीने त्या वेळी नक्कल करणारे आपण होतो. मात्र एक गोष्ट आपल्या बाजूने लक्षात घेण्यासारखी आहे. पुढल्या पत्र्यावर नाव होते ते महाराणा प्रतापांच्या घोड्याचे. घेणाऱ्याला ती इटालियन वाटावी असा प्रयत्न त्यात नव्हता.

१९८४ ते १९८६ या दोन वर्षांत भारतीय रस्त्यावर जपानी नावांचा जणू पूर आला. हीरो होंडा, इंड-सुझुकी, कायनेटिक होंडा, एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १०० आणि वाळूजशी ज्याचे नाते जडले ते कावासाकी बजाज. केबी १०० ही गाडी १९८६ मध्ये आली. राजदूत आणि येझदी यांच्या दणदणाटाला सरावलेल्या कानांना या गाड्यांचा नाजूक आवाज नवा होता, आणि एका लिटरमध्ये इतके अंतर जाता येते ही बातमी त्याहून नवी होती. या काळात सामान्य ग्राहकाच्या मनात ‘जपानी’ या शब्दाला जो अर्थ चिकटला तो आजतागायत सुटलेला नाही. जपानी म्हणजे कमी पेट्रोल, कमी दुरुस्ती आणि भरवसा. पण ती नावे फुकट आलेली नव्हती. त्यांच्यामागे करार होते, स्वामित्वधन होते, जपानी अभियंत्यांची तपासणी होती आणि ठरावीक मुदतीत सुटे भाग देशातच बनवावयाचे हे सरकारी बंधन होते. वाळूजच्या परिसरात एंड्युरन्स आणि व्हॅरॉक यांसारखे सुट्या भागांचे कारखाने वाढले ते याच गरजेतून. मोठ्या कारखान्याने आराखडा द्यावा, पुरवठादाराने त्यात केसभरही फरक न करता भाग घडवावा, अशी ती शिस्त होती. जपानी नाव टाकीवर मिरविण्याची ही किंमत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

चीनमध्ये नेमकी हीच शिस्त मोडली गेली, आणि तीतूनच एक अजब उद्योग उभा राहिला. आरंभ तेथेही करारानेच झाला. चोंगचिंग हे शस्त्रास्त्रांच्या सरकारी कारखान्यांचे शहर. लष्करी मागणी घटल्यावर त्या कारखान्यांनी मोटारसायकलींचा उद्योग धरला. जियालिंगने होंडाशी, जियानशेने यामाहाशी सहकार्य केले. नव्वदीच्या दशकात त्याच शहरात लिफान, झोंगशेन, लोन्सिन असे खाजगी कारखानदार उदयास आले. त्यांच्याजवळ ना आराखडे होते ना संशोधन. पण सुटे भाग करणारे शेकडो लहानमोठे पुरवठादार हाताशी होते, आणि हे सर्व जण होंडाच्या दोन-तीन लोकप्रिय गाड्यांचेच भाग बनवीत होते. परिणाम असा झाला की एकाचे इंजिन, दुसऱ्याची चेसिस, तिसऱ्याची टाकी आणि चौथ्याचा सायलेन्सर सहज एकमेकांत बसू लागला. गाडी ‘बनविण्या’ऐवजी ‘जुळविणे’ शक्य झाले. १९९३ साली चीनने मोटारसायकल-उत्पादनात जपानलाही मागे टाकले. किंमत कोसळली; दर्जाची जबाबदारी मात्र कोणाचीच राहिली नाही, कारण गाडी बिघडली तर दोष कोणाचा हे ठरविणेच अवघड होते.

अशी गाडी विकावयाची तर तिला नाव हवे. आणि नाव कमावण्यास वर्षे लागतात, उचलण्यास लागत नाहीत. लिफानने रोमन लिपीत ‘होंगडा’ हे नाव वापरले. यातील गंमत समजून घेण्याजोगी आहे. चिनी लिपीत होंडाचे नाव ज्या चिन्हांनी लिहितात त्यांचा चिनी उच्चार ‘बेन्त्येन’ असा होतो. त्यामुळे चिनी वाचकाचा होंडा आणि होंगडा यांत घोटाळा होण्याचा संभवच नाही. घोटाळा होतो तो रोमन अक्षरे वाचणाऱ्याचा, म्हणजे मुख्यतः परदेशी गिऱ्हाइकाचा. होंडाने दावा लावला आणि २००४ मध्ये बीजिंगच्या न्यायालयाने लिफानला १४ लाख ७० हजार युआन भरपाई देण्यास सांगितले. दुसरे प्रकरण याहून चातुर्याचे. झेजियांग प्रांतातील हुआत्येन या कंपनीच्या गाड्यांवर यामाहाचे नाव झळकू लागले. त्यासाठी त्यांनी चक्क जपानमध्ये यामाहा हे नाव असलेली एक कंपनी नोंदविली होती, आणि तिच्याकडून आम्हास परवानगी आहे, असा देखावा उभा केला होता. २००७ मध्ये चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ८३ लाख युआनची भरपाई मंजूर केली. चिनी न्यायालये परक्यांना न्याय देत नाहीत, अशी टीका करणाऱ्यांनी हे दोन निकाल वाचावेत.

या गाड्यांनी काय घडविले याचे सर्वांत बोलके उदाहरण व्हिएतनामचे आहे. तेथे मोटारसायकलीला ‘होंडा’ असेच म्हणण्याची प्रथा होती, इतके त्या नावाचे वर्चस्व. परंतु होंडाची गाडी दोन हजार डॉलरच्या घरात आणि शिक्षकाचा पगार तुटपुंजा. २००० आणि २००१ या वर्षांत सुट्या भागांच्या रूपाने चिनी गाड्या लाखोंनी आल्या. रूप होंडाचे, नाव होंडाच्या जवळपासचे आणि किंमत तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याची. ज्या कुटुंबाने आयुष्यात सायकलीपलीकडे काही पाहिले नव्हते, त्याच्या अंगणात इंजिनाची गाडी उभी राहिली. हा लाभ खरा होता, आणि तो नाकारणे म्हणजे गरिबाने चालतच राहावे असे म्हणणे होय. पण वर्ष-दोन वर्षांत गाड्या खिळखिळ्या झाल्या. होंडाने २००२ मध्ये सुमारे ७३० डॉलरला ‘वेव्ह अल्फा’ ही गाडी काढली, आणि ती स्वस्त करण्यासाठी तिच्यात चिनी सुटे भागही वापरले! त्याच्या आधीच, २००१ मध्ये, होंडाने चीनमधील हैनान येथील सनडायरो या कंपनीशी भागीदारी केली होती. ही कंपनी पूर्वी होंडाच्याच नकला करीत असे. नक्कल करणारा कारागीर म्हणून वाईट नव्हता, हे होंडाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणी कबूल केलेले नाही. व्हिएतनामी ग्राहक मात्र नव्या स्वस्त होंडाकडे वळला आणि चिनी गाड्यांचा बाजार झपाट्याने ओसरला.

वाळूजचे हित या साऱ्यात गुंतलेले आहे. बजाजची बॉक्सर ही गाडी नायजेरिया, युगांडा, केनिया अशा देशांत भाड्याने प्रवासी नेणाऱ्या तरुणांचे उपजीविकेचे साधन झाली आहे. खडबडीत रस्ता, मागे दोन माणसे आणि एखादे पोते, हा तेथील नित्याचा बोजा. तेथे भारतीय गाडीशी स्पर्धा करतात त्या चिनी गाड्याच. काळाचा महिमा असा की आता बॉक्सरसारख्या दिसणाऱ्या चिनी गाड्याही निघाल्या आहेत. ज्याची नक्कल होते त्याचे नाव झाले असे समजावे, हे समाधान कारखान्याच्या संचालकांना पुरेल. ज्या कामगाराची पाळी निर्यातीच्या मागणीवर अवलंबून आहे त्याला ते पुरणार नाही. वेरूळ, खुलताबाद, कन्नड, गंगापूर या भागांतील कित्येक घरांची चूल कोरडवाहू शेतीपेक्षा वाळूजच्या पगारावर अधिक भरवशाने पेटते.

पण येथेच एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. फिलिपाईन्समध्ये बजाजची पल्सर अनेक वर्षे ‘कावासाकी रौझर’ या नावाने विकली गेली. भारतीय अभियंत्यांनी आखलेली, भारतात जन्मलेली गाडी. तिच्यावर नाव जपानी. यात बेकायदा काही नव्हते. दोन कंपन्यांची भागीदारी होती आणि नाव देणाऱ्याने ते राजीखुशीने दिले होते. भारतातील त्यांची विक्रीची सोबत २०१७ मध्ये संपली. तरीही मनिलातील एखाद्या ग्राहकाने ती गाडी जपानी समजून घेतली असेल, तर त्याच्या समजुतीत आणि ‘यामासाकी’ घेणाऱ्याच्या समजुतीत फरक किती? फरक आहे तो हा की रौझर बिघडली तर कावासाकी जबाबदार. नावामागे कोणीतरी उभे आहे. टाकीवरचे नाव जन्मदाखला नसेलही, पण ते जामीनपत्र तरी असले पाहिजे, अशी किमान अपेक्षा ठेवावयास हवी.

भारतात पेट्रोलवर चालणाऱ्या चिनी मोटारसायकलींचा लोंढा कधीच आला नाही. १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले तेव्हा वृत्तपत्रांत भीतीचे बरेच लेख आले होते. परंतु आयातकर होता, पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थांकडून गाडीची तपासणी करून घेण्याची सक्ती होती, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे देशी गाड्या स्वस्त, टिकाऊ आणि गावोगावच्या मिस्त्रीच्या हातवळणी पडलेल्या होत्या. व्हिएतनाममध्ये जी पोकळी होती ती येथे नव्हती.

ती पोकळी विजेच्या स्कूटरने निर्माण केली. पेट्रोलचे इंजिन बनविण्यास कारखाना लागतो. विजेच्या स्कूटरसाठी चीनमधून मोटर, नियंत्रक, बॅटरी आणि सांगाडा आणून जोडणे पुरते. चोंगचिंगची जुळवाजुळव नव्या वेषात आपल्या दारी आली. त्यातच मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी नको, परवाना नको, अशी सवलत नियमांत आहे. तालुक्याच्या गावीही अशा स्कूटरींची दुकाने निघाली, आणि फलकांवर पुन्हा जपानी वळणाची नावे दिसू लागली. ओकिनावा हे जपानी बेटाचे नाव धारण करणारी कंपनी २०१५ मध्ये गुरुग्रामला स्थापन झालेली, शुद्ध भारतीय. कोमाकी हे जपानमधील ऐची प्रांतातील एका शहराचे नाव. ते धारण करणारी कंपनी दिल्लीची. अशी नावे घेण्यास कायद्याची मनाई नाही. मात्र ‘जपानी’ या शब्दाभोवती १९८४ नंतर जे वलय जमले, त्याचा उजेड या फलकांवर आपोआप पडतो, हेही खरे.

यात सरकारी पैसा आल्यावर प्रश्न गंभीर झाला. १० हजार कोटी रुपयांच्या ‘फेम’ योजनेचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ रोजी सुरू झाला. अनुदान हवे तर ठरावीक भाग देशातच बनलेले हवेत, अशी अट होती. २०२३ मध्ये केंद्रीय अवजड उद्योग मंत्रालयाने सात कंपन्यांनी ही अट पाळली नाही असा निष्कर्ष काढून ४६९ कोटी रुपये परत मागितले. त्यांत हीरो इलेक्ट्रिक, ओकिनावा, अँपिअर, रिव्होल्ट, बेनलिंग ही नावे होती. काहींनी रक्कम भरली, काहींनी आरोप अमान्य केला. या यादीत अस्सल देशी नावेही आहेत आणि परकी वाटणारीही. तेव्हा केवळ नावावरून आतल्या भागांचे मूळ ओळखू पाहणारा ग्राहक दोन्ही बाजूंनी फसेल.

कायदा या बाबतीत ग्राहकापेक्षा व्यापारचिन्हाच्या मालकाचीच अधिक काळजी वाहतो. दिल्लीत कोणी ‘होंडा’ नावाचे प्रेशर कुकर विकू लागला तेव्हा होंडा कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि कुकरवाल्याला मनाई झाली. उलट ‘प्रियस’ हे नाव मोटारींच्या सुट्या भागांसाठी वापरणाऱ्या भारतीय कंपनीविरुद्ध टोयोटाने लढा दिला, तो डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फसला. भारतीय कंपनीने २००१ मध्ये नाव घेतले तेव्हा टोयोटाच्या प्रियसची भारतात तेवढी ख्याती होती हे सिद्ध झाले नाही. दोन्ही निकाल आपापल्या जागी योग्य असतील. पण ज्याच्या मालकीचे कोणतेच चिन्ह चोरलेले नाही, केवळ जपानी वाटेल असे नवेच नाव रचले आहे, त्याच्याविरुद्ध कोणी दावा लावावयाचा? होंडा लावणार नाही, कारण तिचे काही गेलेले नाही. गेले असेल ते हप्त्याने गाडी घेणाऱ्या लिपिकाचे, आणि त्याला पुरावा कोठून आणावयाचा तेच ठाऊक नसते.

छत्रपती संभाजीनगरच्या विणकरांनी या पेचावर शतकांपूर्वी एक उत्तर काढून ठेवले आहे. जरतारी किनखाब सामान्यांना परवडत नसे, म्हणून सूत आणि रेशीम मिसळून तशाच वेलबुट्टीचे स्वस्त कापड येथे विणले जाऊ लागले. त्याचे नाव हिमरू. हा शब्द ‘हम-रू’ म्हणजे ‘सारखे दिसणारे’ या फारसी शब्दावरून आला असे सांगतात. ही नक्कल आहे, हे कापडाच्या नावातच सांगून टाकलेले आहे. आज यंत्रमागावरचे कापड हिमरू म्हणून आणि कोठल्याही मागावरची साडी पैठणी म्हणून पर्यटकांच्या गळ्यात बांधली जाते, हा त्याच गावातला पुढचा अध्याय. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळाले, तरी दुकानातल्या गिऱ्हाइकाला सांगणारे कोणी नसते.

मोटारसायकलीच्या बाबतीत निदान एक जागा अशी आहे जेथे नाव रंगविता येत नाही. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर सतरा अक्षरांचा एक क्रमांक ठोकलेला असतो. त्याचे पहिले अक्षर रोमन ‘जे’ असेल तर निर्माता जपानमधील, ‘एल’ असेल तर चीनमधील, आणि भारतीय उत्पादकांना दिलेला संकेत बहुधा ‘एम’ने सुरू होतो. वाळूजहून निघणाऱ्या बजाजच्या गाडीवर ‘एम डी २’ अशी अक्षरे सापडतील. हँडलखालच्या नळीवर किंवा सांगाड्याच्या बाजूला, ग्रीस पुसून काढले तर, हा क्रमांक वाचता येतो, आणि नोंदणीपुस्तिकेतही तो छापलेला असतो. नोंदणी न लागणाऱ्या छोट्या विजेच्या स्कूटरीला मात्र अशी पुस्तिकाच नसते. आणि चीनमधून आलेले भाग हरियाणात किंवा राजस्थानात जोडले की त्या गाडीच्याही क्रमांकाचा आरंभ ‘एम’नेच होतो.